शाळेत मार्गदर्शन-समुपदेशनाचं काम अंगावर आलंय? मग सुरुवात इथून करा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच स्टाफ मीटिंगला कामांची वाटणी होते, पोषण आहार कोणाकडे, स्काउट कोणाकडे, शिष्यवृत्ती कोणाकडे, आणि सगळ्यात शेवटी हेडसर नव्या लागलेल्या कोणाकडे तरी बघून म्हणतात, "मार्गदर्शन आणि समुपदेशन तुम्ही घ्या, तुम्हाला बोलता चांगलं येतं." झालं. वेगळं पद नाही, तास नाही, खोली नाही, ट्रेनिंग तर नाहीच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक झेडपी, अनुदानित आणि आश्रमशाळांमध्ये हेच चालतं, म्हणून हा लेख पूर्णवेळ समुपदेशकासाठी नाही, ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्या शिक्षकासाठी आणि मॅडमसाठी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. या कामात चांगलं बोलता येणं फार उपयोगाचं नसतं. उपयोग होतो तो ठरलेल्या वाराचा, ठरलेल्या जागेचा, एका वहीचा आणि बाहेरच्या दहा-बारा लोकांच्या फोन नंबरांचा. हे चार असेल तर कमी बोलणाऱ्या माणसाचाही कार्यक्रम चालतो, आणि हे नसेल तर वक्ता कितीही भारी आणा, डिसेंबरात एक व्याख्यान, स्टेजवर नारळ-गुलाबपुष्प, ग्रुपवर फोटो, संपला कार्यक्रम.

दुसरं म्हणजे मार्गदर्शन आणि समुपदेशन ही दोन वेगळी कामं आहेत. मार्गदर्शन सगळ्या वर्गासाठी असतं, दहावीनंतर काय, अभ्यास कसा करायचा, वयात येताना शरीरात काय बदल होतात, कोणती शिष्यवृत्ती कधी. समुपदेशन एका पोराशी, बंद नाही पण शांत जागी, त्याच्या अडचणीवर. वर्गासमोर उभं करून "तुला काय प्रॉब्लेम आहे ते सांग" हे दोन्हीत बसत नाही. आणि मस्तीखोर पोराला शिक्षा म्हणून "जा, समुपदेशनाला जा" हे तर अजिबात नको, एकदा का ती खोली शिक्षेची झाली की तिथं खरं गरजेचं पोरगं पायसुद्धा ठेवत नाही. हेडसरांशी हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

पहिल्या पंधरा दिवसात काय मिळवायचं

लेखी आदेश मागा. लाजू नका. "समुपदेशनाचं काम अमुक शिक्षक आणि अमुक शिक्षिका बघतील, त्यांना आठवड्यात दोन तासिका" एवढे दोन ओळींचे शब्द पुरे, पण वेळापत्रकात छापलेले पाहिजेत. तोंडी तास पहिल्या रजेला उडतो, कोणी गैरहजर असलं की तुम्हालाच ऑफ तासाला पाठवतात. पुरुष आणि स्त्री अशी जोडी असणं गरजेचंच, कारण आठवीतली मुलगी पाळीबद्दल सरांशी बोलणार नाही आणि नववीतला मुलगा काही गोष्टी मॅडमशी बोलणार नाही. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, जो २०२० साली सुरू झाला, प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक हेल्थ अँड वेलनेस अ‍ॅम्बेसिडर म्हणून घ्यायचे असतात, शक्यतो एक पुरुष एक स्त्री. तुमच्या शाळेत कागदावर कोणाची नावं गेलीयत बघा, बऱ्याचदा ज्यांची गेली त्यांनाच माहीत नसतं. तीच जोडी इथं वापरली तर नवीन काही मांडायला नको.

जागेचं सांगतो. दिसेल पण ऐकू येणार नाही अशी जागा हवी. लायब्ररीचा कोपरा, प्रयोगशाळा, नाहीच तर कडूनिंबाखालचा बाक. दार उघडं ठेवा, पोरासाठीही आणि तुमच्यासाठीही ते बरं. हेडसरांची केबिन नको, स्टाफरूम तर नकोच नको, तिथं अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळतं.

मग सखी सावित्री समिती. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत ही समिती हवी, तिच्यात शिक्षिका, पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील असे गावातले लोक असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झाल्यावर सरकारनं ही समिती आणि तक्रारपेटी दोन्हीबद्दल परत ठणकावून सांगितलं, त्यामुळे फाईल असेलच तुमच्याकडे. ती फाईल जिवंत करा. नवीन समिती काढायच्या भानगडीत पडू नका, हिलाच तुमच्या कार्यक्रमाचा पाठिंबा बनवा, कारण पुढं बालविवाह थांबवायची वेळ येते तेव्हा एकटा शिक्षक काही करू शकत नाही, पोलीस पाटील आणि अंगणवाडीताई बरोबर असल्या की गोष्ट वेगळी होते.

गरज काय आहे हे हजेरीपटाला विचारा

पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी गरजांचा सर्व्हे करा. करा, पण छापील प्रश्नावलीआधी मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट काढून बसा. कोणत्या महिन्यात कोणती पोरं गायब होतात ते लाल पेनानं खूण करत जा, तुमच्या गावाचा अख्खा नकाशा समोर येईल. चोपडा, पारोळा, शिंदखेड्याच्या कापूस पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला वेचणी सुरू झाली की मुली आधी कमी होतात, आई वेचायला गेली की धाकट्याला सांभाळायला तीच. नंदुरबार-साक्री-चाळीसगावच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, कोणी गुजरातच्या कारखान्यांवर, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, आणि पोरगं मार्चपर्यंत दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे आठवडी बाजार, सुरू झाले की वसतिगृहं रिकामी होतात, आणि नेमकी तेव्हाच दहावीची परीक्षा असते.

मग चिठ्ठ्या. नाव न लिहिता. वर्गावर कोरे कागद वाटा आणि तीनच प्रश्न द्या, शाळेत यायला कशामुळे नको वाटतं, कोणाशी बोलावंसं वाटतं, मोठं झाल्यावर काय करायचंय आणि त्यात अडचण कोणती. प्रश्न फळ्यावर लिहा पण तोंडी अहिराणीत समजावून सांगा, रावेर-यावलकडे लेवा बोलीत, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिली येणाऱ्या मोठ्या पोराकडून. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पोरं प्रमाण मराठीतलंच उत्तर देतात, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं, "मला डॉक्टर होऊन देशाची सेवा करायची आहे". आपल्या बोलीत लिहायची मोकळीक दिली की खरं बाहेर येतं. शुद्धलेखन तपासू नका एवढी एकच अट पाळा.

चिठ्ठ्या वाचून ढोबळ ढीग करा: अभ्यास, घर, पैसे, त्रास देणारी पोरं, शरीर-मन, पुढचं शिक्षण. ज्याचा ढीग मोठा त्याच्यावर यंदाचा कार्यक्रम. सगळं एका वर्षात होत नसतं, दोन विषय धरा.

वर्षाचं कॅलेंडर गावाच्या हिशोबानं लावा

पालकसभा हा मोठा डोकेदुखीचा विषय. नोटीस काढली की चार आया आणि एक आजोबा येतात, बाप कुठंय तर सुरतला, नाशिकला, पुण्याला कंपनीत. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते, तेव्हा भाऊबंदकी सगळी रोटाच्या प्रसादासाठी गावात येते, कुठं कुठं गेलेली माणसं घरी सापडतात. सोमवारी विसर्जन झालं की मंगळवारी सकाळी सभा ठेवा, तास-दीड तासात संपवा, लोकांना परत गाडी पकडायची असते. वर्षातली सगळ्यात भरलेली पालकसभा ही होते. दुसरी संधी दिवाळीची, पण तेव्हा शाळाच बंद, म्हणून दोन-चार घरी स्वतः जाऊन यायचं.

दसऱ्याच्या आधी स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी करा. आजी-आजोबांकडे पोरगं ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात. हे समुपदेशनाचं काम वाटत नाही ना? पण सहा महिने शाळेबाहेर गेलेल्या पोराला नंतर "आत्मविश्वास वाढव" सांगण्यापेक्षा हे एक कार्ड जास्त कामाचं.

त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबर करिअरचं, जानेवारी-फेब्रुवारी परीक्षेचं टेन्शन. एप्रिल म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया), आणि आखाजी म्हणजे लग्नसराई, त्याच्यावर पुढं वेगळं बोलू. आणि सगळ्यात महत्त्वाचा काळ मे-जून, निकाल आणि प्रवेश, जेव्हा शाळा सुट्टीवर असते! पोराला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा शाळेला कुलूप, ही आपल्याकडची मोठी गंमत आहे. म्हणून निकालाच्या दिवशी आणि पुढचे आठ-दहा दिवस तुम्ही आणि जोडीदार मॅडमनी ठरावीक वेळ फोनवर हजर राहायचं, वेळ आधीच पोरांच्या वहीत लिहून द्यायची. निकालाच्या दिवशी कोण नापास होऊ शकतं याचा अंदाज शिक्षकाला असतोच, त्या पोरांना तुम्हीच आधी फोन लावा, त्यांच्या फोनची वाट बघू नका. एक-दोन विषय गेले असतील तर अकरावीला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, जाता येतं, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, शाळा सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. हे चार पर्याय बापालाही त्याच फोनवर सांगायचे, कारण त्या संध्याकाळी घरात काय बोललं जातं त्याच्यावर बरंच अवलंबून असतं.

करिअर मार्गदर्शन: भाषण कमी, कागद आणि बस जास्त

मागं दहावीला सरकारी कलचाचणी व्हायची, रिपोर्ट यायचा, पोरं रंगीत कागद म्हणून जपून ठेवायची. चाचणी वाईट नसते, पण "तुझा कल ललित कलेकडे" असं तळोद्याच्या पोराला सांगून पुढं काय, हे सांगणारं कोणी नसेल तर उपयोग शून्य. आधी आजूबाजूला काय आहे ते दाखवा.

आपल्या भागात दाखवण्यासारखं खूप आहे हो. भुसावळला रेल्वेचं मोठं काम, भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, या ठिकाणी आयटीआय झालेल्या पोरांना अप्रेंटिसशिप मिळू शकते. जळगावात ठिबक, पाइप, डाळ आणि चटईचे कारखाने. धुळ्याला कृषी महाविद्यालय, जळगावला केळी संशोधन केंद्र. सरकारी मेडिकल कॉलेज आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आहे, आणि मेडिकल कॉलेज म्हणजे फक्त डॉक्टर नाही, नर्सिंग, लॅब, एक्स-रे, फार्मसी अशी कितीतरी कामं तिथं चालतात हे पोरांना दिसलं पाहिजे. एक दिवस नववीला जवळच्या आयटीआयमध्ये न्या. वर्कशॉपमध्ये उभं राहून लेथ चालताना बघितला की जे कळतं ते पाटीवर कळत नाही, आणि मुलींनाही न्या, फिटर-इलेक्ट्रिशियनला मुली असतात हे त्यांना बघू द्या.

काही गोष्टी पोरांना हमखास माहीत नसतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआय करून डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, वायरमन-वेल्डरसारख्या काही ट्रेडला आठवी पास चालतं. म्हणजे सायन्स घेतलं नाही तर आयुष्य गेलं असं काही नसतं. फळ्यावर हा रस्ता बाणांनी काढून भिंतीवरच लावून टाका, वर्षभर राहू द्या.

आता कागद. माझ्या मते करिअर मार्गदर्शनाचा निम्मा भाग इथंच आहे. आठवीतच प्रत्येक पोराची एक प्लास्टिक फाईल करा आणि दर महिन्याला एक कागद वाढवत जा: जातीचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवास, लागत असेल तिथं नॉन-क्रिमिलेअर, बँक पासबुक, आणि जात पडताळणीची तयारी म्हणून वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जुन्या नोंदी. पडताळणी लांबली म्हणून हातातली सीट गेलेली पोरं प्रत्येक तालुक्यात भेटतील. आधारवर "पाटील" आणि शाळेत दुसरंच स्पेलिंग, जन्मतारीख वेगळी, हे नववीत सापडलं तर दुरुस्त होतं, दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेल्यावर फार त्रास. आठवीला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा, पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं.

आदिवासी मुलांसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल इथं प्रकल्प कार्यालयं आहेत, वसतिगृहाचे अर्ज तिथूनच कळतात, आणि बारावीनंतर वसतिगृहात जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बापाला "मुलगी हुशार आहे, शिकवा" सांगण्यापेक्षा हा कागद दाखवा, तो लगेच खुर्ची ओढून बसतो.

आणि बस. हसू नका. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची शेवटची गाडी पाचला सुटत असेल आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल साडेपाचला संपत असेल तर ती मुलगी सायन्स घेणार नाही, घरचे घेऊ देणार नाहीत. कोणतं कॉलेज, कोणती शाखा हे ठरवताना आगाराचं वेळापत्रक समोर ठेवा, आणि चार-पाच गावच्या मुलींना गाडी सोयीची नसेल तर मुख्याध्यापकांच्या सहीनं आगारप्रमुखांना पत्र द्या. ऐकतात कधी कधी.

एकेकट्याशी बोलायला बसल्यावर

समोर टेबल नको, बाजूला बसा. पहिल्या पाच मिनिटांत प्रश्नच विचारू नका, "जेवना का रे?", "घरमा कोन कोन शेतस?" एवढंच पुरे. आपण शिक्षक असल्यामुळे सल्ला द्यायची सवय लागलेली असते, पोरगं एक वाक्य बोललं की आपण दहा बोलतो. ती जीभ आवरायची. "आमच्या वेळी तर कंदिलात अभ्यास करायचो" हे वाक्य तर खोलीच्या बाहेरच ठेवून या. "मी तुझ्या जागी असतो तर" हेही नको. त्यापेक्षा, "मग तू काय केलं?", "तेव्हा घरात कोण होतं?", "आता काय झालं तर तुला जरा बरं वाटंल?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, सांगून ठेवतो.

गुप्ततेचं पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, ते पाळता येत नाही. असं म्हणा, "तू सांगशील ते मी स्टाफरूममध्ये किंवा घरी बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असला, कोणी तुला इजा करत असलं, किंवा तू कोणाला इजा करणार असशील तर मला योग्य माणसाला सांगावं लागंल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवीन." पोरांना हे कळतं, उलट विश्वास वाढतो.

ढ म्हणून मागच्या बाकावर ढकललेल्या पोरांकडे वेगळं लक्ष द्या. तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटीपालटी, वाचताना ओळ सुटते, असं असेल तर आळस म्हणून सोडून देऊ नका, अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी मान्य सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते जानेवारीत धावपळ करून मिळत नाही. आठवी-नववीतच मागं लागा. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) गाडीतल्या डॉक्टरांना त्या दिवशी नावं तयार ठेवून दाखवा, नाहीतर ते वजन-उंची घेऊन निघून जातात. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या, बऱ्याच वेळा चष्म्यावरच प्रश्न मिटतो.

मोबाइल गेम, गुटखा, वर्गातलं चिडवणं यावर वर्गात गट पाडून बोला, भाषण नको. आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, टपरी असेल तर ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोरांनाच दोष देत बसू नका.

जिथं तुमचं काम थांबतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं

हा भाग दोनदा वाचा. तुम्ही डॉक्टर नाही, पोलीस नाही, तपास अधिकारी नाही.

लैंगिक अत्याचाराचं काही कळलं, अगदी संशय जरी आला, तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि मुख्याध्यापकांनाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. "गावाची अब्रू", "संस्थेचं नाव", "आपसात मिटवू" असं बोलणारे येतील, चांगले प्रतिष्ठित लोक येतील, त्यांना हे कलम शांतपणे वाचून दाखवा. पोराला खोदून खोदून विचारू नका, ते काम पोलीस आणि डॉक्टरांचं, सारखं सांगायला लावल्यानं त्याला परत परत तोच त्रास होतो. त्यानं जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ टाकून लिहा. त्याचं नाव-गाव कुठंही जाता कामा नये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. आणि अठराच्या आतल्या मुलीची "संमती" कायद्यात धरत नाहीत, हे नववी-दहावीच्या मुलांनाही वर्गात साध्या शब्दात सांगून ठेवा, त्यांना खरंच माहीत नसतं.

बालविवाह. मार्च-एप्रिलमध्ये एखादी मुलगी अचानक गप्प झाली, मैत्रिणी कुजबुजतायत, हातावर मेंदी, "मामाकडे गेली" असा निरोप, तर आखाजीची वाट बघू नका. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ हे २००६ च्या कायद्यातलं वय. आपल्याकडे गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. १०९८ फुकट आहे, चोवीस तास आहे. पण साखरपुड्याच्या आधी घरी जाऊन बोलणं जमलं तर ते सगळ्यात बरं, मंडप पडल्यावर सगळेच हट्टाला पेटतात. एकटे जाऊ नका, अंगणवाडीताई आणि भाऊबंदकीतला एखादा आबा किंवा नाना बरोबर घ्या ज्याचं घरात ऐकतात. कायद्याची धमकी शेवटी, आधी "बारावीपर्यंत पास फुकट, वसतिगृह आहे, फी माफ आहे" हे.

जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी कोणी बोललं, वहीत लिहिलं, तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्या पोराला एकटं सोडायचं नाही, घरच्या माणसाच्या हातात देईपर्यंत बरोबर राहायचं, आणि घरच्यांना सांगायचं की फवारणीची औषधं कुलुपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा, आज संध्याकाळीच. कापूस आणि केळीच्या घरात ती हाताशी पडलेली असतात म्हणून हे मुद्दाम सांगतोय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २०२२ पासून चालू आहे, तिथं मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यायला लावा, जमलं तर तुम्ही बरोबर जा.

त्यापेक्षा साध्या गोष्टींसाठी, पाळीच्या तक्रारी, वयात येण्याच्या शंका, सतत उदासी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशक ताईंशी आधीच ओळख करून घ्या, शाळेत बोलवा. बाल कल्याण समिती, सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिला-मुलींसाठीचं सरकारी मदत केंद्र), पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकारी, सगळ्यांचे नंबर जुलैतच एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. अडचणीच्या दिवशी नंबर शोधायचा नसतो.

भगताचं काय करायचं? सातपुड्याच्या भागात आणि इकडं तापीकाठालाही घरचे आधी भगताकडे किंवा बुवाकडे नेतात. त्यावरून घरच्यांशी भांडलात तर पोरगं तुमच्या हातून गेलं. "तुमचं काय असंल ते करा, पण मंगळवारी सिव्हिललाही येऊ, मी गाडीत बसतो" असं म्हणा. डाम देणं, मारणं, उपाशी ठेवणं असं काही असेल तर मात्र सोडायचं नाही, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

वही

एक जाड वही घ्या, नावं लिहू नका, नंबर द्या, नंबर-नावाची यादी वेगळ्या जागी कुलुपात. तारीख, काय बोलणं झालं दोन-तीन ओळी, काय ठरलं, पुढची भेट कधी. तुमचं मत लिहू नका, "मुलगा खोटारडा वाटतो" असलं तर नाहीच. महिन्याच्या शेवटी हेडसरांना फक्त आकडे द्या, किती पोरं आली, कोणत्या प्रकारच्या अडचणी, किती बाहेर पाठवली. नाव विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. सहकारी शिक्षक चहाच्या वेळी विचारतीलच, "काय म्हणत होती ती?", तेव्हा विषय क्रिकेटवर न्या.

पुढं या कामात रस वाटला तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेतही होतो, बराचसा भाग घरी राहून करता येतो.

वर्षाअखेर अहवाल मागतील, त्यात किती व्याख्यानं झाली ते लिहावं लागतं, लिहा. पण स्वतःसाठी वेगळं मोजा: दिवाळीनंतर गेलेली किती पोरं परत वर्गात बसली, आठवीच्या किती फाईली पूर्ण झाल्या, आखाजीनंतर किती मुली जूनमध्ये परत आल्या. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या दहावीच्या प्रत्येकाला एक फोन, कुठं प्रवेश घेतला, नसेल घेतला तर का. निम्मे फोन लागणार नाहीत, नंबर बदललेले असतात, तेव्हा त्याच गावच्या आत्ताच्या दहावीतल्या पोराला वर्गातच विचारा, कोण कुठंय हे त्याला बरोबर माहीत असतं, आणि प्रवेश राहिला असेल तर आयटीआयच्या उरलेल्या फेऱ्या बऱ्याचदा तोपर्यंत चालू असतात.